मुंग्या वीसपर्यंत मोजत नाहीत

“आधी चाव, मग तोड.”

सासूबाईंचा आवाज. त्या जाऊन एक तप उलटलं होतं आणि हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले त्याला तर एकतीस वर्षं झाली होती. पण चाखूमावशीच्या कानात ते अजून कोरे करकरीत होते, वाळलेली शेंग मोडावी तसे कट्‌कन वाजणारे. एरवी हा आवाज झाडाखाली यायचा. आज तो गिरणीत आला, पाववाल्यानं वजनकाट्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला तेव्हा.

पाववाला बोलघेवडा माणूस. तो दारात पोहोचण्याआधीच त्याचं अर्धं बोलणं आत आलेलं असायचं. आज त्यानं नुसतं झाकण काढलं आणि तिघांच्या हातावर एकेक बिस्कीट ठेवलं: गिरणी चालवणाऱ्या दिराच्या, मावशीच्या आणि तिच्या सुनेच्या.

“खाऊन बघा,” एवढंच म्हणाला. “घाईनं गिळू नका.”

दिरानं अख्खं बिस्कीट तोंडात टाकलं. चावता चावता त्याच्या भुवया आधी वर गेल्या, मग एकमेकींजवळ आल्या. सुनेनं कोपरा कुरतडला, जरा थांबली आणि हळूच गळ्याला हात लावला. मावशी दोघांची तोंडं बघत होती. तिच्या तोंडात बिस्कीट म्हणजे भिजलेला पुठ्ठा होता. ना गोड, ना कडू. तिनं दिराच्या भुवया पाहिल्या, सुनेचा हात पाहिला, आणि मग आपलंही तोंड वाकडं केलं.

“कडू,” ती म्हणाली. “मागाहून येतंय.”

“मागाहून येतंय म्हणूनच फसलो ना मावशी. अख्खी भट्टी निघाली, वृद्धाश्रमात वाटून झाली, तोवर पत्ता नाही. तिथले एक आजोबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बाबा रे, औषध आम्हाला वेगळं मिळतं, बिस्किटात घालायची तसदी घेऊ नकोस.”

कुणी हसलं नाही. पाववाल्यालाही हसू अपेक्षित नव्हतं.

ही बिस्किटं वेड्या बाभळीच्या शेंगांच्या पिठाची होती. वेडी बाभूळ म्हणजे गावानं ओवाळून टाकलेलं झाड. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर, जुन्या कारखान्याच्या भिंतीमागे, रस्त्याच्या कडेला, जिथे म्हणून कुणाला नको तिथे ते उभं. काटा असा की सायकलच्या चाकाचा जीव जाईल आणि चपलेचा तळ भेदून तो टाचेची चौकशी करील. जळणापलीकडे त्याचा उपयोग कुणाला माहीत नव्हता. सासूबाईंना माहीत होता. त्यांच्या लहानपणी घरात काही नसायचं तेव्हा या पिवळ्या, वाकड्या, चिंचेहून बारीक शेंगा चघळून भावंडं झोपायची. पुढे सासूबाईंनीच त्या वाळवून आपल्या घरच्या गिरणीत दळून बघितल्या. पीठ निघालं दुधाळ कॉफीच्या रंगाचं, जळक्या साखरेच्या आणि किंचित दालचिनीच्या वासाचं. चार वाट्या कणकेत एक वाटी हे पीठ मिसळलं की साखर चिमटीवर भागायची, आणि दोन बिस्किटं खाल्लेलं पोट दुपारपर्यंत तक्रार करायचं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, चांगलं आहे, पौष्टिक आहे, पण गोड ते गोडच, मापात खा.

फक्त या झाडाचा एक स्वभाव होता. एका आईची लेकरं जशी एका वळणाची नसतात तशी ही झाडं. शेजारी शेजारी उभी, एका बीजाची, एका मातीची. एक मधासारखं, तर दुसरं खडूसारखं कोरडं. आणि काही झाडं लबाड. शेंग जिभेवर ठेवताच गोड, चावताना गोड, आणि आपण खूश होऊन पोतं उघडलं की मग घसा धरणारी कडवट चव. सासूबाई म्हणायच्या, गोडी पुढच्या दारानं येते, कडवटपणा मागच्या. म्हणून चावायचं आणि वीसपर्यंत मोजायचं. वीस झाले आणि घसा गप्प राहिला, तर फांदीला लाल दोरा बांधायचा. शेंगा तोडायच्या त्या दोऱ्याच्याच झाडाच्या. जमिनीवर पडलेली शेंग उचलायची नाही, ती किड्यांची. त्यांचं एक गाणंही होतं, काम करता करता नाकातल्या नाकात म्हणायचं:

झाड पाहावं उन्हात, शेंग पाहावी दातात,
जीभ ‘हो’ म्हणेल तेव्हा दोरा घ्यावा हातात.

सासूबाईंची ती जीभ सुनेकडे आली आणि सून गावची चाखूमावशी झाली. नवरा तरुणपणीच गेला, मुलगा मालट्रकवर, पंधरवड्यानं घरी येणारा. गिरणी दिराची. तिची काय? तिची जीभ. एकतीस वर्षांत तिनं दोरा बांधलेलं झाड कधी खोटं ठरलं नव्हतं. दीर गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या वहिनींच्या जिभेला हाड नाही, पण काटा आहे, तराजूचा.

ती जीभ गेल्या थंडीत गेली.

दहा दिवसांचा ताप आला आणि उतरला. अकराव्या दिवशी सुनेनं चहा दिला, तर तोंडात नुसतं गरम पाणी. मावशीनं मनात म्हटलं, तापाचं तोंड आहे, येईल. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पहाटे कुणी उठायच्या आत ती फडताळापाशी उभी राहून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायची, मग साखर, मग मिरी. मिरी तेवढी टोचायची. बाकी दोन्ही वाळूच. डॉक्टरीणबाईंना ती एकदा आडून आडून बोलली, माझ्या एका मैत्रिणीचं असं असं झालंय. त्या म्हणाल्या, कधी येते परत, कधी नाही येत, मैत्रिणीला घेऊन या. मैत्रीण काही गेली नाही.

मग लपवाछपवी. भाजीत मीठ अंदाजानं टाकणारी बाई चमच्यानं मोजून टाकू लागली. दीर म्हणाला, वहिनी, हल्ली तुमची भाजी एकदम सरकारी झालीये, रोज तीच चव. ती हसली. जेवताना ती आता पानाकडे कमी आणि समोरच्यांच्या तोंडाकडे जास्त बघायची. सुनेनं पाण्याचा पेला लवकर उचलला की समजायची, तिखट पडलंय.

बोलली का नाही? तिनं स्वतःलाही पुष्कळ वेळा विचारलं. उत्तर दरवेळी गिरणीच्या कोपऱ्यातल्या त्या वेताच्या खुर्चीपाशी येऊन थांबायचं. सासूबाईंचे दात पडले तेव्हा त्यांनी दोऱ्याचं रीळ कायमचं हिच्या हातात दिलं आणि त्या खुर्चीत बसल्या. सहा वर्षं बसल्या. लोक यायचे, त्यांच्यावरून वाकून चाळणीतलं पीठ चिमटीत घ्यायचे आणि हिला विचारायचे, यंदा कसं आहे? त्यांना कुणी विचारलं नाही. दिरानं नाही, गिऱ्हाइकांनी नाही. आणि मावशीला खरं टोचायचं ते हे, की तिनंही नाही. त्यांच्या नजरेसमोर तिनं सहा हंगाम दोरे बांधले आणि एकदाही म्हटलं नाही, आई, जरा सांगा ना.

शेंगांचा हंगाम आला. जुनी झाडं चौदा होती आणि ती तोंडपाठ होती. डोळे मिटून दोरा बांधला असता. पण रस्ता रुंद करायला म्हणून यंदा त्यातली तीन तोडली गेली होती. तीन नवी झाडं शोधणं आलं. आणि नेमकं याच वर्षी सुनेनं शिवणाच्या दुकानातली काजं-बटणांची नोकरी सोडून गिरणीत येते म्हटलं होतं. शिकायचंय म्हणाली. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर नव्या झाडाखाली उभी राहून तिनं शेंगेला हात घातला आणि विचारलं, “आई, मी पण चावू?”

“जीभ कच्ची आहे तुझी अजून,” मावशी म्हणाली. “यंदा हात चालव. जीभ पुढच्या वर्षी.”

सून खट्टू झाली, पण लगेच हसली. म्हणाली, “माझी जीभ कच्ची? तुमच्या मुलाला विचारा, तो तर म्हणतो धार लावून आणलीये.”

तीन झाडं मावशीनं मग अशी निवडली: शेंगांवर जांभळ्या रेघा कुठे दाट आहेत ते पाहिलं, वास घेतला, आणि खोडावरून मुंग्यांची रांग कुठे चढते ते पाहिलं. मुंग्यांना गोड कळतं, सगळ्या जगाला ठाऊक आहे. लोकांदेखत तिनं शेंग चावलीही, ओठ हलवून वीसपर्यंत मोजलं आणि दोरा बांधला. शेंगा गच्चीवर पत्र्यांवर वाळल्या, मोडल्यावर कट् आवाज यायला लागला. शेंग वाकली तर दळायची नाही, हा दिराचा नियम. ओल राहिली की आतली साखर तापून चिकट होते आणि गिरणीचं पातं बसतं. पहाटे यंत्र गार असताना त्यानं थोडं थोडं थांबत दळलं. सगळं रीतसर झालं. एक गोष्ट तेवढी मावशी विसरली होती, की मुंग्या वीसपर्यंत मोजत नाहीत.

आता डबा काट्यावर होता. पाववाल्याचं म्हणणं सरळ होतं. त्याला भांडायचं नव्हतं; पीठ त्याला हवंच होतं, त्यावर त्यानं नाव कमावलं होतं. फक्त पुढच्या पोत्यांचं काय ते त्याला कळायला हवं होतं. दिरानं हाताचं पीठ झटकलं आणि विचार केला. विचार तो नेहमी मोठ्यानंच करायचा. पातं तेच, चाळणी तीच, वाळवणं तेच. वहिनींची जीभ तर काय, एकतीस वर्षं. यंदा नवीन काय आहे? असं म्हणून तो थांबला, कारण नवीन जे होतं ते समोर डोक्याला फडकं बांधून उभं होतं.

“सूनबाई,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बिनदोऱ्याच्या एखाद्या झाडाला हात लागला असेल का? बोलण्याच्या नादात?”

“नाही काका. दोरा बघूनच तोडल्या मी.” मग तिनं मावशीकडे पाहिलं. “आई होत्याच ना बरोबर.”

मावशी चाळणीकडे बघत होती. चाळणीच्या जाळीत एक बी अडकलं होतं. ते तिनं नखानं काढलं. मग दुसरं शोधलं.

“नवीन आहे, चालायचंच,” दीर म्हणाला. “शिकेल हळूहळू. तोवर शेंगा तोडायचं वहिनीच बघतील, तू इकडे पिशव्या भर.”

माफी दिली की गुन्हा पक्का होतो. सुनेनं रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा पुढे ओढला. पाववाला मात्र दारापर्यंत जाऊन परत फिरला. अंदाजावर मी भट्टी लावत नाही, तो म्हणाला, आपण फेरा घालू.

फेरा सासूबाईंनी घालून दिलेला होता. माल कडू निघाला तर ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांनी मिळून दोऱ्यादोऱ्यानं पुन्हा सगळ्या झाडांखालून जायचं. प्रत्येक झाडाची शेंग दोघांनी चाखायची, चाखणारीनं आणि तोडणाऱ्यानं. दोघं ‘गोड’ म्हणाले की झाड सुटलं, पुढे चला. दोघांत फरक पडला तरच तिसऱ्यानं तोंड घालायचं. सगळीच झाडं सुटली तर दोष तोडणाऱ्याच्या हाताचा; बिनदोऱ्याच्या झाडाची शेंग पोत्यात गेली असं धरायचं. परवा सकाळी जायचं ठरलं.

संध्याकाळी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. एरवी घड्यांबरोबर तिचं तोंड चालायचं. शेजारच्या खिडकीत काय चाललंय, ट्रकवरून नवऱ्यानं फोनवर काय थापा मारल्या, सगळं. आज घड्याच तेवढ्या होत होत्या.

“सोमवारपासून शिवणाच्या दुकानात जाते,” ती म्हणाली. “विचारून आले. जागा आहे अजून.”

“तिथे मान मोडते म्हणायचीस.”

“मोडते.” तिनं एक शर्ट उलगडला, पुन्हा तशीच घडी घातली. “पण काज चुकलं तर उसवता येतं, आई. पीठ नाही उसवता येत.” आणि थोड्या वेळानं, खाली बघत, “लागलाही असेल हात माझा. मी बडबडते ना फार. आता मलाच नीट आठवत नाही.”

पोरीनं नाही म्हटलं होतं गिरणीत, ठाम म्हटलं होतं. आता तिला स्वतःचा हातच खोटा वाटायला लागला होता. आत्ता सांगावं, असं मावशीच्या मनात आलं. तिनं तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं: “उशा उन्हात टाकायच्या राहिल्या.”

फेऱ्याच्या सकाळी सुनेनं दोन कप चहा केला. मावशीचा चहा म्हणजे अडीच चमचे साखर, अर्धा चमचा इकडचा तिकडे झालेला तिला कधी खपत नसे. नवी नवरी असताना सुनेला तो दोनदा परत करायला लावला होता. मावशीनं चहा पिऊन कप खाली ठेवला, बरा झालाय म्हणाली आणि बुटांचे बंद बांधू लागली. सुनेनं आपल्या कपातून एक घोट घेतला आणि थबकली. तिनं साखरेच्या डब्याकडे पाहिलं. झाकण अजून घट्ट लावलेलंच होतं. मग मावशीच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. मग स्वतःचा चहा तसाच ठेवून बराच वेळ ती दाराच्या कडीशी काहीतरी करत राहिली. मावशीच्या ते लक्षात आलं, पण तिचं मन आधीच ओढ्यापलीकडे जाऊन उभं राहिलं होतं.

चौघं निघाले. पुढे दीर, हातात फांदी वाकवायची आकडी. मागे मावशी आणि सून. सगळ्यात मागे पाववाला, पाय उचलून उचलून टाकत. त्याला काट्यांची सवय नव्हती आणि दर दहा पावलांना तो एका पायावर उभा राहून दुसऱ्या चपलेतून काटा उपटत होता. म्हणाला, झाड वेडं म्हणतात, पण याच्याजवळ येणाऱ्याला काय म्हणावं याला अजून शब्द निघाला नाही.

अलीकडच्या काठावरची अकरा झाडं जुनी. मावशी चावायची, ओठ हलवून मोजायची आणि म्हणायची, गोड. सून चावायची, वीसपर्यंत मोजायची आणि म्हणायची, गोड. सुनेला पहिल्यांदाच चाखायला मिळत होतं. चौथ्या झाडाखाली तिचा चेहरा उजळला. “हे वेगळंच आहे,” ती अभावितपणे म्हणाली. “आधी खारट लागतं, मग एकदम साखर. आणि शेवटी काहीतरी… भाजल्यासारखं.”

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. चौथ्या झाडाचं वर्णन सासूबाई याच शब्दांत करायच्या. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणाला त्यातला खारटपणा कळला नव्हता. दिराला नाही, पाववाल्याला नाही. आणि या जिभेला आपण कच्ची म्हटलं.

कोरडा ओढा त्यांनी दगडांवरून ओलांडला. पलीकडे नवी तीन. पहिलं निघालं गोड, सुनेच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसलं. दुसरं झाड खालच्या अंगाला, कारखान्याच्या भिंतीला टेकून उभं. शेंगा भरघोस, जांभळ्या रेघांच्या. फांदीवर मावशीचा लाल दोरा, उन्हानं जरा विटलेला. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढत होती, एक येणारी, एक जाणारी, मोठ्या लगबगीनं.

दिरानं आकडीनं फांदी खाली आणली. दोघींनी एकेक शेंग घेतली.

मावशीनं चावलं. पुठ्ठा. ती ओठ हलवत राहिली आणि डोळे सुनेवर ठेवले. सूनही मोजत होती. सात, आठ. चेहरा शांत. अकरा, बारा. चौदाच्या सुमाराला सुनेच्या गळ्याची शीर ताठ झाली. हात वर उचलला गेला आणि अर्ध्यातच तिनं तो खाली आणून दुसऱ्या हातात धरला. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पापण्या मिटल्या, गिळलं. वीस.

“गोड,” मावशी म्हणाली. वेळ झाली की म्हणायचा तो शब्द होता, तो आपोआप आला.

सुनेनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करताना माणूस जसं बघतं, तसं ती बघत होती.

“गोड,” सून म्हणाली. आवाज घोगरा आला.

“सुटलं,” दीर म्हणाला आणि त्यानं फांदी सोडली. ती वर जाऊन झुलत राहिली. “आता एकच राहिलं. तेही सुटलं तर मग…” तो आकडीला अडकलेली पानं काढू लागला. चांगला माणूस होता. पाववाला पायातला काटा बघत बसला होता, त्यानं मान हलवली. त्यालाही पोरीचं वाईट वाटत होतं.

मावशी जागची हलली नाही. साखरेच्या डब्याचं झाकण, सुनेचा थबकलेला घोट, दाराची कडी, सगळं एकापाठोपाठ एक समोर येऊन उभं राहिलं. पोरीला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी ती घसा जळत असताना ‘गोड’ म्हणाली होती. आता शेवटचं झाड सुटेल, दोष हिच्या हातावर जाईल, आणि सोमवारी ही मान मोडून काजं करायला जाईल. कडवटपणा गिळून, डोळे पुसून, कुणाला न सांगता. एकतीस वर्षं आपण जगाला सांगत आलो की थांबा, मागच्या दारानं काय येतं ते बघा. आणि आपल्याच मागच्या दाराला कडी लावून बसलो.

“भावजी,” ती म्हणाली, “फांदी खाली घ्या.”

“का? सुटलं ना हे.”

“घ्या खाली.”

त्यानं आकडी लावली. मावशीनं दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ तिचीच होती, दुहेरी, सासूबाईंनी शिकवलेली, वाऱ्यापावसाला न सुटणारी. एक काटा अंगठ्यात गेला, तिनं तो तसाच राहू दिला. सून पुढे झाली. म्हणाली, “आई, राहू दे. चला ना. मी बोलले ना, गोड आहे.”

“तू बोललीस ते मी ऐकलं.” गाठ सुटली. मावशीनं दोरा बोटाभोवती गुंडाळला, खिशातून रीळ काढलं आणि दोन्ही सुनेच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. मग ती दोघा पुरुषांकडे वळली. “हे झाड कडू आहे. हिला चौदाला कळलं, मी बघितलं. ही खोटं बोलली ती माझ्यासाठी. तिसरं तोंड घालायचं तर घाला, नियम आहे. पण हात हिचा नाही चुकला. दोरा मी बांधला.”

दीर गोंधळला. “पण वहिनी, तुम्ही तर आत्ता…”

“मी मुंग्या बघून बांधला होता. आणि ही म्हणत होती मी चाखते, तर हिला चाखू दिलं नाही. जीभ कच्ची म्हणाले. कच्ची नव्हती. चौथ्या झाडाचा खारटपणा हिला पहिल्या घासाला कळला, तुम्हाला जन्मात कळला नाही.”

पाववाला चप्पल हातात धरून उभा राहिला होता. दिराच्या हातातली फांदी हळूहळू वर चालली होती, त्याला भान नव्हतं. तो काही विचारणार होता. मावशीनं हात वर करून त्याला थांबवलं. अजून एक शब्द यायचा होता आणि तो घशाच्या अगदी मागे होता. ती सवयीनं मोजू लागली. ओठ हलले. सुनेच्या ते लक्षात आलं, आणि तिनंही मावशीच्या जोडीनं, रीळ छातीशी धरून, आवाज न करता आकडे म्हणायला सुरुवात केली. पाच. नऊ. खोडावरून मुंग्या चढतच होत्या. कारखान्याच्या भिंतीवर फांदीची सावली मागेपुढे होत होती. चौदा. सतरा. कुणी घाई केली नाही.

वीस.

“मला चव लागत नाही,” चाखूमावशी म्हणाली. “थंडीपासून.”